बिनतारखेचं खरेदीपत्र

चिंगोम्बे नगर परिषदेत एस्नार्ट म्वाले टायपिस्ट म्हणून लागल्या आणि खरेदी विभागाच्या प्रमुख झाल्या. सगळे त्यांना आदराने 'आमायी', म्हणजे आई, म्हणत. निविदापेटीला दोन कुलपं होती, त्यातल्या एकाची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची. पाकिटं उघडायच्या दिवशी त्या व्यापाऱ्यांना समोर बसवून पेटी हलवून दाखवत. "ऐका, आत उंदीर नाही," म्हणत.

फेब्रुवारीत नदीकाठच्या वस्तीत कॉलरा आला. पाण्याच्या टाक्यांत टाकायची ब्लीचिंग पावडर दोन दिवसांपुरती उरली होती आणि निविदेला तीस दिवस लागतात. मुख्याधिकारी कालियाती यांनी आणीबाणीच्या पत्रावर सही केली. म्हणजे आता स्पर्धा न लावता थेट खरेदी करता येणार होती. अट एकच, अमुक व्यापाऱ्याकडूनच का घेतलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

एस्नार्टबाईंनी तरी तिघांना फोन केले. दोघांनी आठवडा मागितला. ग्वेन्ग्वे नावाच्या व्यापाऱ्याकडे माल तयार होता, भाव मात्र चढा. बाईंनी आवारात ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून खरेदीपत्र लिहिलं. कारणं लिहिली, फोनच्या वेळा लिहिल्या, आणि शेवटी लिहिलं : 'आणीबाणी असेपर्यंत, दर आठवड्याला चाळीस पिंपं.' दुपारी पावडर टाक्यांत पडली.

एप्रिल उजाडेपर्यंत कॉलरा गेला. दवाखान्यातले तंबू निघाले. पिंपं मात्र येतच राहिली.

मे महिन्यात गोदामाचा लॉइड त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

"आमायी, माझं टेबल बाहेर काढलंय. आता न्सिमासुद्धा पिंपावरच ठेवून खातो. परवा बायको म्हणाली, तुमच्या अंगाला धुतलेल्या संडासाचा वास येतो."

"अजून येतायत पिंपं?"

"दर मंगळवारी. सही मीच करतो ना! जुनी पावडर मरत चाललीय, झाकण उघडलं तरी डोळ्यांत पाणी येत नाही."

बाईंनी फाइल काढली. आणीबाणी सुरू झाल्याचं पत्र होतं, संपल्याचं नव्हतं. ते कोणीच लिहिलं नव्हतं. तसं ते कधीच कोणी लिहीत नसे. आणि खरेदीपत्रावर शेवटची तारीख नव्हती. अक्षर त्यांचंच होतं.

सोमवारी लेखापरीक्षक यायचे होते. आदल्या वेळच्या पुरात अशाच थेट खरेदीवरून बाईंच्या आधीच्या अधिकाऱ्याची नोकरी गेली होती. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

कुणकुण लागताच ग्वेन्ग्वे शुक्रवारी आला. "आमायी, कशाला डोकं धरून बसलाय? नवं पत्र करू. मुदत एप्रिलअखेर, तारीख फेब्रुवारीची टाकू. नंतर आलेला माल माझा, मी मुकाट परत नेतो."

"आणि लॉइडच्या मंगळवारच्या सह्या?"

"सह्यांचं काय, वही भिजू शकते."

"ग्वेन्ग्वे, फेब्रुवारीत तुमच्याकडेच माल होता म्हणून तुमच्याकडून घेतला. ते खरं होतं, म्हणून लिहिलं. आज हे खोटं लिहिलं, तर तेही कोणी खरं मानणार नाही."

"मग नोकरी जाईल तुमची."

"जाईल कदाचित. मंगळवारी पिंपं आणू नका."

तो गेल्यावर त्यांनी एक पान लिहिलं : 'कॉलरा संपल्यावरही सात आठवडे मी स्पर्धेविना खरेदी चालू ठेवली. खरेदीपत्राला मुदत घालायची राहिली, ही माझी चूक.' शेवटचा रुग्ण कधी घरी गेला, ती दवाखान्याची तारीख जोडली आणि पान फाइलीत सगळ्यात वर लावलं.

परीक्षकांनी ते दोनदा वाचलं. ग्वेन्ग्वेला ताजा माल परत न्यावा लागला. मेलेली पावडर शहराच्या माथी बसली. बाईंना लेखी ताकीद मिळाली, आणि व्हायची होती ती शेवटची बढती झाली नाही. नोकरी राहिली.

पुढच्या जानेवारीत नदीवरचा पूल वाहून गेला. बाईंनी आणीबाणीच्या पत्राखाली हाताने एक रेघ आखली, 'शेवटचा दिवस' असं लिहिलं आणि पत्र कालियातींपुढे ठेवलं.

"अहो आमायी, हे कधी संपेल ते मला आज कसं कळणार?"

"कळणार नाही, साहेब. म्हणून चौदा दिवस टाका. नाही संपलं तर मी पुन्हा येईन, तुम्ही पुन्हा सही करा."

कालियाती कुरकुरले, पण त्यांनी तारीख टाकली. पंधराव्या दिवशी सकाळी बाई पुन्हा दारात हजर होत्या.