बाईंची तीनखणी

बाई मला ‘सातवी’ म्हणून हाक मारत, कारण सातवीत माझी शाळा सुटली होती. त्या कोल्हापूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत. मुलीला परभणीला आईपाशी ठेवून मी त्यांच्या प्रयोगशाळेत लागले, तेही तात्पुरती. “दोन चुका झाल्या की परभणीची यष्टी धरायची,” हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं.

समुद्रतळाच्या वाळूत एकपेशीय जिवांची रव्याएवढी कवचं असतात. ती ओल्या कुंचल्यानं टिपायची. बाईंनी त्यातलं एकच कुळ धरलेलं, मिलिओलिडांचं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “खण मोज.” मी टेबलावर चोळीचे खण शोधू लागले. बाईंनी वर्गातल्या पोरांना बोलावलं. “बघा रं, हिची ओटी भरायची हाय!” मग माझी मान सूक्ष्मदर्शकावर दाबून कवचाचे कप्पे दाखवले. ते म्हणजे खण.

“एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला तीन, तर पाचखणी. तीन आणि दोन, तर तीनखणी. उलटून बघितल्याबिगर बोलायचं न्हाय.”

वेचलेली कवचं जातीप्रमाणे काचपट्टीवर आखलेल्या घरांत ठेवायची; एकदा एक भलत्या घरात पडलं. बाईंनी माझं आठवड्याचं वेचलेलं सगळं परत वाळूत ओतलं. “एक झाली,” म्हणाल्या.

बाईंनी स्वतः एक नवी जात शोधली होती, तीनखणी. तिला आपल्या वडिलांचं, आबांचं नाव दिलेलं. धूळ पुसताना त्या जातीच्या काचपट्टीवरचा जुना डिंक सुटला आणि कवच उलटलं. मागच्या अंगाला दोन खण हवे होते. चार होते, म्हणजे पाचखणी. मी तीनदा मोजले. नोकरी गेली तर मुलीला काय सांगू? तरी बाईंना बोलावलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. “हे असं पालथं कुणी चिकटवलं?”

“तुम्हीच, बाई.”

“आणि तू इतके दिस झोपा काढत हुतीस व्हय?”

त्याच दुपारी त्यांनी आपली जात चुकीची असल्याचं, ती जिथं छापली होती त्या नियतकालिकाला लिहून कळवलं. आबांचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, “उद्यापास्नं येऊ नगं. तुझं त्वांड दिसलं की मला आबा दिसत्याल.” आणि गोव्यातल्या प्रयोगशाळेसाठी एक पाकीट अंगावर टाकलं.

ते मी गाडीत फोडलं. “हिला काही शिकवू नका. कवचं द्या आणि गप बसा.”

तेवढ्यावर नोकरी लागली. महिन्याभरात मुलगी माझ्यापाशी आली. बाईंना आभाराचं पत्र धाडलं, ते न फोडता परत आलं. पाकिटावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘घेत नाही.’