तांब्या चिकटला नाही

किन्हीराजाच्या आसपासच्या बारा गावांत सरकलेली बेंबी जागेवर आणणारी बाई म्हणजे मी. मी बोट टेकवायच्या आत बेंबी आपणहून ठिकाणावर धावत येते, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे बहुतेक वेळा मीच. देव्हाऱ्यापुढे रोज दिवा लावते, पण मनात एक शंका कायम होती. सगळं जर मीच करते, तर हा देव बसून करतो तरी काय?

माझी नात पायल चौदा वर्षांची. एका सकाळी शाळेचा ड्रेस घालता घालता खाली बसली ती उठेचना. ओटीपोटात उजवीकडे एकाएकी कळ, वर उलट्या. मी म्हटलं, बेंबीच सरकली. तिला आडवी केली, बेंबीवर कणकेचा दिवा पेटवून ठेवला आणि वरून तांब्या पालथा घातला. एरवी दिवा विझतो आणि तांब्या पोटाला असा चिकटतो, की दोन बैल जुंपले तरी निघू नये. तीस वर्षांत एकदा चुकलं नाही. त्या दिवशी तांब्या गडगडला. पुन्हा ठेवला, पुन्हा गडगडला. तिसऱ्यांदा घरंगळत थेट देव्हाऱ्यापुढे जाऊन थांबला. माझी सून म्हणते, चुलीपुढे. पण तिची नजर जरा अधूच आहे.

मी तेल घेऊन पोट चोळायला बसणार, तोच दारातून आवाज आला, "चोळू नका व बुढीमाय!" पाहते तर एक बांगडीवाली, गावात पूर्वी कधी न दिसलेली. टोपली खाली ठेवत म्हणाली, "शिरपूरले माह्या बहिणीच्या पोरीचं असंच झालं होतं. आतमंदी अंडाशयाले पीळ पडते. बायांच्या डाक्टरीणकडे न्या, आत्ताच्या आत्ता."

सून पुटपुटली, "कुवारी पोर बायांच्या दवाखान्यात? लोक काय म्हणतीन?"

"लोकायच्या पोटात दुखून राह्यलं का?" बांगडीवाली म्हणाली.

मी तेलाची वाटी बाजूला सारली आणि शेजाऱ्याची गाडी काढायला लावली.

वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ होती, तिच्या भाराने ते फिरलं होतं, रक्त पोचत नव्हतं. उशीर झाला तर काढावं लागेल, म्हणाल्या. दुर्बिणीने लगेच ऑपरेशन करू. मी घाबरले होते, पण नवल त्याहून मोठं. विचारलं, "पोट न फाडता आत पाह्यता कसं?"

"बेंबीतून, आजी. तिथे बारीकसं छिद्र करून दुर्बीण आत घालतो."

तीस वर्षं ज्या दारावर मी राखण केली, ते उघडतं हे मलाच ठाऊक नव्हतं!

ऑपरेशननंतर त्यांनी फोटो दाखवले. अंडाशय पिकल्या जांभळासारखं काळंनिळं पडलेलं. "पीळ सोडला, गाठ काढली," त्या म्हणाल्या. "मग नुसतं थांबलो, रंग परततो का बघत."

"मंग?"

"आला हळूहळू. अंडाशय वाचलं."

एवढी शिकलेली बाई, एवढी यंत्रं, आणि तीही शेवटी वाट पाहत उभी!

दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, वारा सरल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. मी पोटाला हात लावायचा नाही, हीही ताकीद. आता करू काय? डोळे मिटले. आजवर देवाकडे पाऊस मागितला, नातू मागितला, शेजारणीची म्हैस आटावी हेही एकदा मागून पाहिलं. त्या दुपारी नातीचा वारा मागितला, आणि इतकं मनापासून कधीच काही मागितलं नव्हतं. मागून झालं, आणि मग मागणंही सुटलं. तुला वाटेल तेव्हा, म्हटलं.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. पायलने चादर तोंडावर ओढली. "आजी, झालं व."

समोरच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आमाले सगळ्यायले समजलं, माय!"

अख्खा वॉर्ड हसला. पायलही हसली, टाके धरून. मी काहीएक केलं नव्हतं. नर्सने चमच्याने पाणी पाजलं, आणि ते पोरीच्या घशातून उतरताना मी नुसती पाहत राहिले.