विमानाच्या दिव्याचा कौल

आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही. विहीर कुठे खणायची, होडी कधी लोटायची, मुलीला कुठलं घर द्यायचं, सगळ्याला कौल. पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली की देवाचा होकार. देव फार वेळ घेत नाही. सगळेच असे असतात, असा आमचा समज होता.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आला. अशा वेळी माणसं आंब्याची कलमं लावतात. दादाने दोन माणसं बसतील असं एक जुनं विमान आणलं. मालवणच्या दक्षिणेला, आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एका खाणमालकाने कधीकाळी स्वतःसाठी केलेली धावपट्टी होती. तिच्या कडेला माडाच्या झापांची शेड घालून त्याने विमान आत ठेवलं.

त्या पट्टीवरून धावताना विमान इतकं हादरायचं की पंखांच्या टोकांवरचे दिवे टिकत नसत. हादऱ्यातून वाचलेल्या बल्बला खारा वारा खायचा. दोन हजार सातच्या सुमाराला दादाच्या परदेशातल्या एका जुन्या सहकाऱ्याने एलईडी दिवे पाठवले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. ते बसवायला एक दुपार पुरली. संध्याकाळी दादा मला म्हणाला, "आता विमान खात्याक कळवया."

"कित्याक? तू दिवसाचो उडतस. तुझे दिवे बघता कोण?"

"देवाक विचारतंव, मगे सरकाराक नको?"

मी कणकवलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून पत्र मी लिहिलं. उत्तर आलं की मंजुरी मिळेपर्यंत विमान उडवू नये. पुढे प्रश्न. दिवा ठरलेल्या कोनातून दिसतो का? रेडिओत खरखर आणतो का? उष्णतेने पंखाला काही होतं का? प्रश्न वाजवी होते, हे मान्य करायला हवं. पण एकाचं उत्तर पोचलं की दुसरा निघायचा. जुने बल्ब परत लावतो, असंही आम्ही कळवलं. तोही बदलच, त्यालाही तपासणी लागेल, असं उत्तर आलं. अशा शैलीत एखादा ग्रंथ असता तर मी तो विद्यार्थ्यांना लावला असता.

दादाला घाई होती. त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा पातळ होत चालला होता आणि पुढच्या वैद्यकीय तपासणीत वैमानिक म्हणून तो बाद होणार, हे डॉक्टरने जवळजवळ सांगितलंच होतं. वहिनी इतकी वर्षं विमानात बसायला तयार नव्हती. "जमिनीर काय कमी धक्के आसत?" म्हणायची. डोळ्याचं कळल्यावर ती आपणहून म्हणाली, "एकदा माझा म्हायार वरसून दाखवा." तिचं माहेर समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर. ते तिने वरून बघावं, हे दादाच्या मनात लग्नापासून होतं.

मी म्हटलं, "घेवन जा तिका. सड्यार कोण येता बघूक?"

दादा हातातला पाना पुसत राहिला. "विचारूक नसतंय तर गेलो असतंय. आता विचारलंय."

यावर वाद घालता येत नाही. कौल लावून झाल्यावर पाकळी पडायची वाट न बघता उठून जाणारा माणूस मी आमच्या गावात पाहिलेला नाही.

पावसाळा गेल्यावर एक साहेब तपासणीला आले. जीप, मागे फाइल धरणारा माणूस, आणि कातळावर घसरणारे चकचकीत बूट. वेळ भर दुपारची. दादाने दिवा लावला. साहेबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "या उन्हात रंगाबद्दल अभिप्राय देता येणार नाही."

विमान शेडमध्ये ढकललं. झापांच्या भोकांतून ऊन आत येतच होतं. वहिनीने घरातून दोन चादरी आणून पंखावर धरल्या. साहेब चादरीखाली वाकले. आतून आवाज आला, "हिरवा आहे."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो. देवापुढच्या गाऱ्हाण्याला आम्ही असाच होकार देतो. वहिनीने चादरीआडून माझ्याकडे डोळे वटारले.

साहेब आमच्याकडे सुरमई जेवले, कोकणाची तारीफ केली आणि गेले. मग काही नाही. मार्च गेला, मे गेला, पुन्हा पाऊस लागला. दादा रोज शेडमध्ये जाऊन विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवून यायचा.

दिवाळीच्या आधी दादाची वैद्यकीय तपासणी झाली. तोवर डावा डोळाही अधू झाला होता, आणि डॉक्टरने त्याला वैमानिकाचा दाखला नाकारला. मंजुरी त्यानंतर आली. उजवीकडे हिरवा दिवा चालेल, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं.

दादाने तरी देवळात नारळ दिला. मी चिडलो. "नारळ कसलो? वेळेर दिल्यानी?"

"उत्तर इलां मां?" तो म्हणाला.

मग आम्ही तिघं सड्यावर गेलो. दादा त्याच्या जागेवर बसला, वहिनी पदर खोचून शेजारी. मी उजव्या पंखाच्या टोकाशी उभा राहिलो. दादाने बटण दाबलं आणि मान वळवून माझ्या बाजूला बघितलं, पण नजर माझ्या बरीच पलीकडे गेली.

"पेटलो?"

"पेटलो."

"हिरवो मां?"

"हिरवो."

वहिनी समोरच्या काचेतून झापांच्या भिंतीकडे बघत होती.

"बरा दिसता," ती म्हणाली. "आता उतरू मां? माका भात टाकूचो आसा."