तिसरा शाफ्ट

ट्रॅक्टरला टोचन लावून ओढत एक जीप उद्यमनगरातल्या त्याच्या शेडसमोर आणली, तेव्हा आकाराम टर्नर दारात चहा पीत उभा होता. जीप बघितली आणि त्याला चहा नकोसा झाला. टपावर आठ दिवे, बंपरवर आणखी चार, सीटला लालभडक कव्हर आणि दारावर फणा काढलेला नाग. आतमध्ये साठ घोड्यांचं जुनं इंजिन उपटून तिथं दीडशे घोड्यांचं बसवलेलं. हे असलं सोंग घेऊन ही पोरं चिखलात लोळतात, त्याचे व्हिडिओ काढतात आणि वर त्याला खेळ म्हणतात, याची आकारामला मनापासून शिसारी यायची.

गाडीचा मालक राजवीर, कागलचा. तो खाली उतरून नमस्कार करतो न करतो तोच आकारामचं तोंड सुटलं. इंजिन वाढवलं तर त्याचा जोर चाकापर्यंत नेणारा मागचा एक्सल नको का वाढवायला? दिव्यांना पैसे आहेत, शाफ्टला नाहीत? कुठल्या तरी भंगारवाल्याकडून स्वस्तातला शाफ्ट आणून घातला असणार, आणि मोडला की आले आमच्या दारात! शेजारच्या शेडमधले कामगार मशीन बंद करून बघायला आले. गर्दी जमल्यावर आकारामला आणखी चेव आला. पाव तास तो बोलत होता आणि राजवीर मान खाली घालून ऐकत होता.

आकारामला हे बोलायचा हक्क होता, असं सगळं उद्यमनगर मानायचं. सोळाव्या वर्षी उचगावातून सायकल मारत तो लेथवर कामाला आला, आणि पुढं चाळीस वर्षं त्यानं स्वतःच्या शेडमध्ये एक्सलचे शाफ्टच केले. उसाच्या ट्रॉल्या, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा, सगळ्यांना त्याचाच माल. त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकानं दोन शाफ्ट सांगितले की तो एकाच बारमधून तीन कापायचा, तिन्ही एकाच भट्टीत तापवायचा, एकाच तेलात विझवायचा. मग त्यातला एक खाच पाडून प्रेसखाली मोडायचा आणि मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा बघायचा. दाणा बारीक आणि एकसारखा असला तरच उरलेल्या दोन्हींवर शिक्का. तो शिक्का मारायचा पंचही त्यानं स्वतः घडवलेला होता, गोलात 'आ'. दर खंडेनवमीला लेथच्या आधी त्या पंचाला हळदकुंकू लागायचं. चांगला माल मोडून भंगारात टाकणारा येडा म्हणून लोक त्याला हसले, आणि शाफ्ट घ्यायला त्याच्याकडंच आले.

दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले तसं त्यानं काम मुलाच्या, यशराजच्या हाती दिलं. सकाळी तासभर येऊन चहा प्यायचा आणि जगाला नावं ठेवायची, एवढंच त्याच्याकडं उरलं होतं.

त्याचं बोलून झालं, तसा राजवीरनं मागच्या सीटवरून गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट काढून त्याच्या पायाशी ठेवला. शाफ्ट मोडला नव्हता, पिळला होता. टोकाचे सरळ दात चकलीसारखे वळले होते. हे नुसतं साधं लोखंड, याला भट्टीही दाखवलेली नाही, हे आकारामला चष्म्याशिवाय दिसलं. तो थुंकला.

"आण्णा, तुमी बोलला, मी ऐकलं," राजवीर म्हणाला. "आता जरा शिक्का बगा."

आकारामनं शाफ्ट उलटा केला. गोलात 'आ'.

मग बाकीचं कळायला वेळ लागला नाही. सहा महिन्यांपूर्वी राजवीरनं इथंच जोडी करून घेतली होती, मागितली ती किंमत देऊन. परवा खाणीच्या चढावर शाफ्ट पिळला, चाकाला जोर मिळेना, ब्रेकही पुरेना आणि गाडी मागं घसरत जाऊन खडकावर आदळली. शेजारी त्याची बायको प्रियदर्शनी होती. तिच्या कपाळाला सात टाके पडले.

यशराज लेथच्या आडोशाला उभा होता. आकारामनं त्याला तिसऱ्या शाफ्टचं विचारलं.

"तिसरा करतंय कोण आता?" यशराज म्हणाला. "वर्सातनं चारदा चिखलात जाणाऱ्या गाड्या ह्या. शिक्का बगून लोक घेत्यात, आत काय हाय कुणाला दिसतंय?"

मघाशी भंगारवाल्याला घातलेल्या सगळ्या शिव्या आकारामला परत आपल्याच तोंडात आल्यासारख्या वाटल्या. समोर बघे तसेच उभे होते. पोराची किळस आली, आणि दोन वर्षं इथंच चहा पीत एकदाही भट्टीत न डोकावलेल्या स्वतःची त्याहून जास्त आली.

तो आत गेला. देव्हाऱ्याखालच्या खणातून त्यानं पंच काढला, व्हाइसच्या जबड्यात अर्धा आवळला आणि हातोडा घातला. दुसऱ्या घावाला पंच कटकन तुटला. आकारामनं चष्मा लावून तुटलेली बाजू उजेडात धरली. दाणा बारीक होता, राखी आणि एकसारखा. चाळीस वर्षांत हजारो शाफ्टचा दाणा त्यानं बघितला होता, या पंचाचा बघायची वेळ कधी आली नव्हती. त्यानं तो तुकडा यशराजच्या हातात ठेवला.

राजवीरची जोडी आजच्या आज फुकट करून द्यायची, असं त्यानं सांगितलं. यशराजनं हलक्या आवाजात विचारलं, मग आता तिच्यावर शिक्का कुठला मारायचा.

"तुजं नाव घाल," आकाराम म्हणाला. "आन् त्या खाणीच्या चढाला पयल्यांदा गाडीत शेजारी तू बस."

यशराजनं चिवट पोलादाचा बार उचलून टेबलावर घेतला आणि खडूनं तीन तुकडे आखले.