मोरेश्वरकाकांनी आवळलेली चकती

मोरेश्वरकाका म्हणजे सैल वस्तूचे वैरी. नागपुरात पाणीपुरवठ्याच्या नोकरीत सगळी हयात गळके नळ आवळण्यात गेली. आता अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे राहायला आले म्हणून खोड जाते थोडीच! मिठाच्या बरणीचं झाकण ते असं लावतात, की उघडायला सुनेला नवऱ्याला हाक मारावी लागते.

ही सून म्हणजे लिन, व्हिएतनामी मुलगी. ईशानशी तिचं लग्न तिच्या आईला मुळीच पसंत नव्हतं. विहीणबाई लग्नाला आल्या नाहीत, नंतरही या घराची पायरी चढल्या नाहीत. आज मात्र येत होत्या, लिनच्या वडिलांचं श्राद्ध होतं म्हणून. फोटोला नमस्कार करणार आणि तडक हॉटेलवर जाणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आज काही बिनसलं तर त्या पुन्हा येणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लिन आठवडाभर धड जेवली नव्हती.

"बाबा, फक्त गरम पाणी ओता. बाकी काही करू नका, प्लीज," असं सांगून ती ईशानबरोबर एअरपोर्टला गेली. वडिलांची आवडती कॉफी आई आत येताना फोटोसमोर हवी होती. ग्लासात तळाला कन्डेन्स्ड मिल्क, ग्लासावर बारीक भोकांचं स्टीलचं फिल्टर, त्यात कॉफी आणि कॉफीवर ती दाबून धरणारी स्क्रूची चकती. सगळं पोरीने लावून ठेवलं होतं.

काकांनी चकतीला बोट लावलं. ती हलली. "घ्या, ढिलीच ठेवली!" असं पुटपुटत त्यांनी ती आवळली. चांगली आवळली. मग पाणी ओतलं.

थेंब पडेना.

आधी वाटलं, वेळ लागत असेल. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. ग्लासातलं दूध पांढरं ते पांढरंच. तेवढ्यात ईशानचा फोन. "बाबा, हायवेवरून एक्झिट घेतली, पोचतोच. झालं ना सगळं?"

"हो हो," म्हणत काकांनी फोन ठेवला. चकती उलटी फिरवायला गेले तर बोटं पोळली. फडक्याने धरली, तरी सरकेना. मेल्या हाताला काय म्हणावं! पोरीचं माहेर तुटायला आलंय आणि याला आवळायचं सुचतं.

कपाटात इन्स्टंट कॉफीची बाटली होती. चमचाभर ढवळली की काम झालं, कोणाला कळणार होतं? त्यांनी बाटली काढलीही. मग फोटोकडे नजर गेली. मोठ्या कानांचे व्याही शांतपणे बघत होते.

"नाही बाप्पा," काका त्यांना म्हणाले, "तुमच्या श्राद्धाला खोटं नाही चालायचं." बाटली परत ठेवली आणि पकड आणायला गॅरेजकडे धावले.

पकडीने धरल्यावर चकती कुरकुरत जराशी सैल झाली. टप्! एक काळा थेंब पडला आणि बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला.

आता? काकांनी फिल्टरसकट ग्लास उचलून फोटोसमोर ठेवला, उदबत्ती लावली, सवयीने भोवती पाणी फिरवलं. पकड हातात तशीच राहिली.

विहीणबाई आत आल्या. ठेंगण्या, ताठ, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांची नजर त्या ठिबकत्या फिल्टरवर खिळली. लिनचा चेहरा उतरला. "बाबा, हे काय?"

"मी आवळलं गं. सांग त्यांना, तू सगळं नीट लावलं होतंस. चूक माझी."

टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. मग विहीणबाई त्यांच्या भाषेत हळू काहीतरी बोलल्या आणि लिनला रडूच फुटलं. "आई म्हणते, माझे बाबा असेच समोर बसून थेंब बघायचे. ते गेल्यापासून आम्ही त्यांच्यापुढे तयार कॉफीच ठेवत आलो."

विहीणबाईंनी खुर्ची ओढली आणि फोटोसमोर बसल्या. काकांकडे वळून म्हणाल्या, "व्हेरी स्लो."

"सॉरी," काका ओशाळले.

"नो. गुड," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

काका मागे उभे राहिले. थेंब संपले की बाई उठणार, हे त्यांना कळत होतं. जन्मभर गळती थांबवलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदाच देवाकडे मागितलं, की ही गळती लवकर थांबू नये. हात तर असा शिवशिवत होता, की कोणी बघत नसेल तर ती चकती पुन्हा जराशी आवळून ठेवावी.