मेंढवाड्यातली बैठक

दादा गेल्याची बातमी घेऊन टाकव्याचा, म्हणजे आमच्या गावचा, दादाचा शेजारी सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला आला, तेव्हा मी स्टेशनात कामावर होतो. "भाऊ, दादा गेलं... झोपंतच," एवढंच तो म्हणाला. थोरल्या भावाचं दुःख फार झालं. पण आता दीडेक महिन्यानं दादा आठवला की आधी हसूच येतं, आणि त्याला कारण त्याचं धोतर.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी लोणावळ्याच्या बंगल्यांना मटण पुरवायचं म्हणून दादानं दारातच मेंढवाडा घातला. मावळातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून धनगर पावसाआधीच कोरड्या देशाकडे सरकतात. दादा म्हणाला, "त्यांची उघड्यावर ऱ्हात्यात. माजी छपराखाली हायेत!" छप्पर होतं खरं, पण आत मेंढ्या खच्चून भरलेल्या, पायाखाली मुता-लेंड्यांचा चिखल, आणि त्यातच बाजारात स्वस्तात मिळालेली एक लंगडी मेंढी त्यानं थेट कळपात सोडली. श्रावणात निम्मा कळप गुडघे टेकून खात होता. खुरांच्या बेचक्या सडून अशी घाण सुटली की जवळ उभं राहवेना. गुरांच्या डॉक्टरांनी खुरं साफ करून मोरचुदाच्या पाण्यात बुडवली आणि बजावलं, "हे जंतू ओल्या चिखलातून एकीचे दुसरीला लागतात. आजारी वेगळ्या काढा, गर्दी मोडा, जागा कोरडी ठेवा. नाहीतर औषध वाया."

दादानं दुसरा वाडा घातला, खाली जमिनीपासून उचललेली बांबूची माची केली. पण झाडण्याचा त्याला भारी कंटाळा. कधीही विचारा, "कोरडं हाय की!" वहिनी एकदा कावल्या. "कोरडं हाय म्हंता न्हवं? मग पांढरं धोतर नेसून बसा तितं. डाग पडला तर तुमचं तुमी धुवायचं!" दादा हट्टाला पेटून बसला, आणि उठला तो मागं हिरवागार होऊन. विहिरीवर सगळ्या बायकांसमोर त्यानं ते धोतर आपटलं... तेव्हापासून रोज सकाळी झाडून, राख पसरून, माचीवर बसणं हा त्याचा नेमच झाला. धोतर पांढरं निघालं त्या दिवशी तो गावभर पाठमोरा हिंडला. त्याच्या मेंढ्या मग दर पावसाळ्यात टिकल्या.

परवा भर पावसात टाकव्याला गेलो. ओसरीवर भाऊबंद जमले होते. "बाईमाणसाला पावसात झेपायचं न्हाई, मेंढ्या विका," असं सगळ्यांचं मत. खोटं कशाला बोलू, मीही तेच सांगायला गेलो होतो. वहिनी मला मेंढवाड्यात घेऊन गेल्या.

"भावजी, बसा."

मी बसलो. मेंढ्या माझ्याभोवती निवांत रवंथ करत होत्या. उठलो, तसं वहिनींनी मला खांद्याला धरून फिरवलं, माझं पांढरं धोतर नीट न्याहाळलं, एकही डाग नव्हता, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. मग मला तसंच पाठमोरं ओसरीपुढे उभं केलं.

"बगा," त्या भाऊबंदांना म्हणाल्या, "मेंढ्या हितंच ऱ्हात्यात."