बैलाचं औषध

कडेगावच्या अलीकडं एका वाडीत आप्पासोचं झाडपाल्याचं औषध चालायचं. सराट्याचे काटे आणि वायवर्ण्याची साल, दोन्हीचा काढा. उतारवयात लघवी अडायला लागली की माणसं त्याच्या ओट्यावर यायची. पण आमचे पुरुष म्हणजे कसले बेरके! स्वतःचं दुखणं बैलाच्या नावावर सांगायचे.

"बैल रातचा चारदा उठतोय, आप्पा."

"सांजचा चा बंद कर त्याचा," आप्पासो गंभीर तोंडानं सांगायचा.

वाडीत ट्रॅक्टर आले, बैल संपले, तरी बैलाचं औषध मागणारे काही कमी झाले नाहीत. कुणी हसायचं नाही. अब्रू झाकून राहायची आणि एखाद्याला थोडाफार गुणही यायचा.

कृष्णात आप्पासोचा शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. तोही बैलाचंच सांगत आला. दोन महिन्यांत तीनदा आला. तिसऱ्या खेपेला त्याचं तोंड सुजलं होतं, हात ओटीपोटावरून निघत नव्हता.

"बैलाची धारच तुटलीया, गड्या. दोन दिस नुसतं थेंब थेंब."

हे काढ्याचं काम नव्हे, आप्पासोला लख्ख कळलं. आत्ताच्या आत्ता दवाखाना पाहिजे. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण एवढ्या मानी माणसाला तोंडावर म्हणायचं कसं? तो म्हणाला, "जनावराच्या डाक्टरला दाखव रं. उशीर करू नगंस." आणि वर पुडीही दिली.

"दावतो की," म्हणत कृष्णात गेला.

पाचव्या दिवशी इस्लामपूरच्या दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. लघवी तुंबून मूत्रपिंडं निकामी झाली होती. वेळेवर नळी घातली असती तर माणूस वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. आप्पासोनं ते ऐकलं, मातीला गेला, घरी येऊन जेवला. रडू आलं नाही. आत काही हललंच नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

तेराव्यानंतर कृष्णातची बायको चंद्राबाई आली. ओट्याखालीच उभी राहिली.

"भावजी, ह्यांनी तुमास्नी काय सांगितलं हुतं?"

"बैलाचं."

"आमच्या दावणीला पंधरा वर्सं बैल न्हाई. तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"व्हय, वैनी. ठावं हुतं."

"मग मला तरी सांगायचं. मी न्हेलं असतं त्यास्नी."